चिरेबंदी वाड्याचे लाकूड

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’चे अध्यापन करताना आम्हांला प्रथम शीर्षकापाशी थांबावे लागते. ‘चिरेबंदी’ या शब्दाने विद्यार्थ्यांच्या मनात केवळ दगड उभा राहतो. वस्तुतः मराठी वाडा दर्शनी दगडाचा असला, तरी त्याचा भार लाकूडच वाहत आले आहे. जुन्या नाशकातील वाड्यांच्या संदर्भात हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

जोते घडीव चिऱ्यांचे. त्यावर दगडी उथळी, उथळ्यांवर सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. भिंती पुष्कळदा या सांगाड्यात भरलेल्या विटामातीच्या. दोन खांबांमधले अंतर म्हणजे ‘खण’, आणि घर मोजायचे ते खणांनी. नाशिकच्या पश्चिमेस पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत व पलीकडे डांगात साग मुबलक होता. सराफ बाजारातील पेशवेकालीन सरकारवाडा किंवा चांदवडचा होळकरांचा रंगमहाल पाहिला, की या सुतारकामाची ऐपत कळते.

या रचनेचा आणखी एक गुण सहसा नजरेत येत नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेली असल्यामुळे सांधा सोडवता येतो. खांब कुजला, तर तुळईला टेकू देऊन तेवढाच बदलायचा. दुरुस्ती ही वाड्याची आपत्ती नव्हे, नित्यक्रम होता. आपल्या भाषेलाही हे ठाऊक आहे. घर फिरले की फिरतात ते वासे, आणि खाल्ल्या घरचे कृतघ्न माणूस मोजतो तेही वासेच!

लाकडाची ही स्मृती वाड्यांहून फार जुनी आहे. पांडवलेण्यांतील अठराव्या क्रमांकाचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्याच्या दर्शनी भागावर कमान, कठडे आणि तुळयांची टोके कोरलेली आहेत. अखंड खडकाला तुळईची गरज नसते. तरीही कारागिरांनी ती कोरली, कारण इमारतीचे रूप त्यांच्या डोळ्यांत लाकडाचे होते. कार्ल्याच्या चैत्यात तर छताच्या मूळ लाकडी फासळ्या अद्याप टिकून आहेत.

लाकूड नश्वर असते, हे खरेच. १८२८च्या आगीनंतर शनिवारवाड्याचे मुख्यतः दगडी अवशेष तेवढे उरले. परंतु जपानने याच नश्वरतेतून वेगळा बोध घेतला. होर्यूजी येथील सातव्या शतकाच्या परंपरेतल्या काष्ठवास्तू शतकानुशतकांच्या दुरुस्तीवर उभ्या आहेत. इसे येथील देवस्थान तर साधारणपणे दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधले जाते. २०१३ साली ते बासष्टाव्यांदा बांधले गेले. वीस वर्षांत सुतारांची एक पिढी दुसरीच्या हाती विद्या सोपवते. २०२०मध्ये युनेस्कोने जपानमधील काष्ठवास्तूंच्या जतनाचे पारंपरिक कौशल्य वारसा म्हणून नोंदवले. तेथे मान इमारतीइतकाच हातांना मिळाला. म्हणूनच २०१९च्या तोक्योतील राष्ट्रीय क्रीडागारात केंगो कुमा यांना देशाच्या सर्व ४७ प्रांतांचे लाकूड निःसंकोच योजता आले.

आमच्याकडे पावसाळा आला, की धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात. मालक-भाडेकरूंच्या वादात दुरुस्ती रखडते, एखादी भिंत खचते, आणि मग वाडा उतरवला जातो. तेथे राहणाऱ्यांचा जीव नक्षीहून मोलाचा आहे, याविषयी दुमत नको. पण कोरीव खांब जुन्या लाकडाच्या बाजारात जातात, कोठल्या हॉटेलाची शोभा होतात, आणि आपण वारसा वाचला असे समजतो. वाचते ते लाकूड. हरवते ती खांब बदलण्याची विद्या.

मराठी साहित्याने पडत्या वाड्याचा शोक पुष्कळ केला. त्या शोकात वाडा म्हणजे एक घराणे असते. सुतार क्वचितच दिसतो. वाड्याचा इतिहास लिहायचा, तर मालकांच्या वंशावळीबरोबर उथळे, हस्त, कडीपाट हे शब्द आणि ते वापरणारे हातही नोंदवायला हवेत. ते काम करणारी माणसे जुन्या नाशकात भेटतात तोवरच ही नोंद शक्य आहे. भाषेच्या अभ्यासकांनी तरी ती दुसऱ्या कोणावर सोपवू नये.