भार, क्षमता आणि तार

शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संगणकाच्या वीजपुरवठ्यावर बोलावे, याचे अनेकांस नवल वाटले असेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो, त्यांनी कोणताही विषय कधी परका मानला नाही. शिवाय या विषयाकडे मी हौसेने वळलेलो नाही; एका नुकसानीने मला तिकडे वळविले.

प्रारंभ आपल्या गावापासूनच करू. जयेंद्रगंजातून जयविलास राजवाडा फार दूर नाही. जयाजीराव शिंदे यांच्या कारकीर्दीत, १८७४ साली, तो बांधून झाला. त्याचा आराखडा मायकेल फिलोज यांचा. दरबार हॉलमधील दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टन वजनाची आहेत. ती टांगण्यापूर्वी छताची परीक्षा व्हावी म्हणून वर हत्ती चढविले होते, अशी आख्यायिका ग्वाल्हेरीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कोणी आठ हत्ती सांगतो, कोणी दहा. संख्येचा वाद बाजूस ठेवू. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हत्तींनी परीक्षा केली असेल ती छताची. झुंबर ज्या साखळीने लोंबते, तिची नव्हे. छत भक्कम आणि साखळीची एक कडी कच्ची, अशी स्थिती असेल तर झुंबर खाली येणारच.

आता आमच्या घरचा प्रसंग सांगतो. एका परिचित कुटुंबाकडील मोडी कागदांचा एक दफ्तर-रुमाल आम्ही वाचावयास आणला होता. मी वाचीत असे आणि नातू ते देवनागरीत टंकित करीत असे. एक संपूर्ण हिवाळा यात गेला. हस्ताक्षर वाचावयास यंत्राला शिकवावे, अशी त्याची पुढील इच्छा होती. त्यासाठी लागणारी प्रचंड आकडेमोड ग्राफिक्स कार्डावर होते. चित्रे रेखण्यासाठी जन्मलेले हे कार्ड हजारो लहान गणिते एकाच वेळी करते, म्हणून आज ते अशा कामासही जुंपले जाते. मोडीचे लिप्यंतर यंत्राकडून करविण्याचे प्रयत्न रुडकीच्या आयआयटीतील संशोधकांनीही केले आहेत.

नव्या कार्डास अधिक वीज लागणार, म्हणून मोठ्या क्षमतेचा एसएमपीएस आणला. वॉटांचा हिशेब चोख होता. मात्र तो बसविणाऱ्याने जुन्या एसएमपीएसच्या केबली डब्यात तशाच ठेविल्या आणि त्यांची टोके नव्या एसएमपीएसला जोडली. टोके बरोबर बसली. खटका दाबताच हार्ड डिस्क जळाली, आणि तीत आमचा हिवाळा होता.

असे का घडावे, याचा शोध घेताना मला एक छोटा इतिहासच सापडला. १९८१ साली आयबीएमने आपला पहिला व्यक्तिगत संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या वीजपेटीची क्षमता अवघी साडेत्रेसष्ट वॉट होती. जुन्या पिवळ्या बल्बाएवढ्या विजेत सारा संगणक चाले. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे प्रमाण ठरविले. २००० साली त्यात बारा व्होल्टची एक वेगळी तार आली, कारण प्रोसेसरची भूक वाढली होती. त्याच सुमारास काही ग्राफिक्स कार्डांना मदरबोर्डाच्या खाचेतून मिळणारी वीज अपुरी पडू लागली, आणि हार्ड डिस्कसाठी असलेली तार त्यांना जोडण्याची प्रथा पडली. पुढे पीसीआय एक्सप्रेसच्या काळात मोजमाप निश्चित झाले : खाचेतून पंचाहत्तर वॉट, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी पंचाहत्तर, आठ पिनांच्या जोडणीतून दीडशे. ज्या कार्डास खाच आणि आठ पिनांच्या दोन जोडण्या, त्याची मर्यादा तीनशे पंचाहत्तर वॉट.

येथे जरा मुंबईकडे वळले पाहिजे, कारण हाच प्रश्न त्याच्या कित्येक दशके आधी तेथे सोडविला गेला होता. भोरघाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. एवढे अंतर वीज न्यावयाची तर तिचा दाब सुमारे एक लाख व्होल्ट ठेवावा लागला. दाब वाढविला की तेवढीच शक्ती कमी प्रवाहात नेता येते. आणि तार तापते ती प्रवाहामुळे. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते.

संगणकाच्या डब्यात नेमके याच्या उलट घडते. सातशे वॉट घेणाऱ्या संगणकासाठी भिंतीतील दोनशे तीस व्होल्टच्या तारेतून सुमारे तीन अँपियर वाहतात. पाच अँपियरचा साधा प्लगही ते सहज सोसतो. परंतु एसएमपीएस तो दाब बारा व्होल्टांवर उतरवितो. मग सहाशे वॉटांसाठी पन्नास अँपियर वाहू लागतात. २०२२ साली आलेल्या नव्या जोडणीत हा प्रवाह सहा बारीक तारांतून जातो, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्यास आठांहून अधिक अँपियर. पिन पुरती आत बसली नाही की तेवढ्या जागी उष्णता साचते. त्याच वर्षी अशा जोडण्या वितळल्याच्या वार्ता जगभरातून आल्या, आणि २०२३ मध्ये तिची रचना सुधारली गेली. जोडणी अर्धवट बसली असेल तर वीज सुरूच होऊ नये, असा त्या सुधारणेचा हेतू होता.

मोठ्या यंत्रांचाही हाच न्याय आहे. परदेशातून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. त्याच संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ २०२० साली जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत त्रेसष्टावा आला. त्यात ग्राफिक्स प्रोसेसर बसविलेले बेचाळीस संच आहेत, आणि असा एक संच पुऱ्या भाराखाली साडेसहा किलोवॉटपर्यंत वीज घेऊ शकतो. म्हणजे केवळ त्या संचांसाठी पावणेतीनशे किलोवॉटची सोय हवी. शिवाय त्या विजेची जी उष्णता होते, ती बाहेर काढण्याची सोय निराळीच.

आमच्या घरी चूक कोठे झाली, हे आता सांगता येईल. संगणकाच्या बाजूच्या टोकाची रचना प्रमाणित आहे. एसएमपीएसच्या बाजूच्या टोकाची नाही. प्रत्येक कंपनी तेथे पिनांचा क्रम आपल्या मनाने ठरविते. म्हणून एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसमध्ये नेमकी बसते आणि पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट पोहोचविते. वॉटांची क्षमता मुबलक होती. तार परकी होती.

म्हणून शाळेच्या संगणककक्षात उद्या नवे कार्ड येईल, तेव्हा विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात. कार्ड आणि प्रोसेसर मिळून किती वॉट घेतात ते मांडावे, आणि क्षणिक उसळीसाठी वर पुरेसा वाव ठेवावा. आठ पिनांच्या दोन जोडण्या असतील तर एकाच केबलीच्या दोन फांद्या न लावता एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबली आणाव्यात. एसएमपीएस बदलला की त्याच्या साऱ्या केबली बदलाव्यात. जोडणी शेवटपर्यंत आत गेली आहे, हे डोळ्यांनी पाहावे. आणि जे श्रमाने लिहिले, त्याची एक प्रत अन्यत्र ठेवावी; ती आम्ही ठेवली नव्हती.

तो रुमाल तोवर आम्ही परत केला होता. संकोच बाजूस ठेवून मी पुन्हा त्या कुटुंबाकडे गेलो, आणि त्यांनी तो काही न विचारता हाती दिला. निम्मे वाचन पुन्हा झाले आहे. उरलेले या हिवाळ्यात पुरे करावे, असा आम्हा दोघांचा मानस आहे.