तळटीप : अजब बंगला

* अजब बंगला : सर रिचर्ड टेंपल यांच्या अमदानीत, १८६३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय. यवतमाळच्या शेजारच्या वाशीम, तेव्हाच्या अकोला, जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ साली सातवाहन नाण्यांचा जो विपुल दफिना सापडला, आणि ज्याचे साक्षेपी विवेचन म. म. वा. वि. मिराशी यांनी केले, त्यातील, या संग्रहालयात आलेल्या, पोटीन या मिश्रधातूच्या ओबडधोबड नाण्यांवर एकीकडे सोंड उंचावलेला हत्ती व राजनाम, तर दुसरीकडे उज्जयिनी-चिन्ह आढळते. पुराणांतील वंशावळींत ज्यांचा मागमूसही नाही, त्या कुंभ, कर्ण व शक या सातकर्णींची नावे प्रथम कळली ती या क्षुद्र भासणाऱ्या तुकड्यांमुळेच. म्हणून वऱ्हाडच्या इतिहासापुरते तरी त्यांचे मोल आम्ही सुवर्णमोहरांहून अधिक मानतो. — संपादक