तळटीप १२ : मोल्सवर्थ

१२. मोल्सवर्थ : कोशकार जेम्स थॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१). आडनाव गावावरून आलेले, आपल्या ‘कर’वाल्या आडनावांच्या जातीचे. इंग्लंडात जुन्या हंटिंग्डनशर परगण्यात, म्हणजे आताच्या केंब्रिजशरमध्ये, मोल्सवर्थ हे खेडे आहे. १०८६च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीनमहसुलाच्या दप्तरात त्याची नोंद सापडते. ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती. आधीचा भाग बहुधा मूल नावाच्या कुणा मूळ मालकाचा. पुढे कॉर्नवॉल व आयर्लंडात या नावाची घराणी नांदली. आयरिश शाखेला १७१६मध्ये व्हायकाउंटपद मिळाले. मराठीत मात्र ‘मोल्सवर्थ पाहा’ म्हटले की माणूस नव्हे, कोश समजावा. त्याची पहिली आवृत्ती १८३१ची. लेखकाने दिलेला पृष्ठांक १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीचा आहे.