यवतमाळचे पाणी आणि त्यातून सुटणारा हायड्रोजन

पाणीपुरवठ्याच्या कामात हायड्रोजन आला तो इंधन म्हणून नव्हे, तर बाहेर घालवून देण्याचा वायू म्हणून. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून जागच्या जागी सोडियम हायपोक्लोराइट तयार करणारी यंत्रे जलशुद्धीकरण केंद्रांत बसू लागली, तेव्हा क्लोरीनच्या जोडीने हायड्रोजनही सुटू लागला. १ किलो क्लोरीनमागे सुमारे २८ ग्रॅम हायड्रोजन, हा रसायनशास्त्राचा ठरलेला हिशेब आहे. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एका ठिणगीने भडका उडू शकतो. म्हणून अशा खोलीला पंखा हवा आणि छपरातून वर जाणारा पाइप हवा, एवढीच त्या वायूची दखल पाणीखात्याने वर्षानुवर्षे घेतली.

विजेने पाण्याचे विघटन होते हे १८०० साली लंडनमध्ये निकोल्सन आणि कार्लाइल यांनी दाखवले. व्होल्टाच्या विद्युतघटाची बातमी पोहोचून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. डेन्मार्कमधल्या आस्कोव्ह गावी पॉल ला कूर या शिक्षकाने १८९० च्या दशकात पवनचक्कीच्या विजेवर हायड्रोजन बनवून शाळेत दिवे लावले. भारतात हे काम मोठ्या प्रमाणावर झाले ते पंजाबातल्या नांगल येथे. भाक्रा-नांगलच्या स्वस्त जलविजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि त्यापासून खत करायचे, अशी ती योजना होती. १९६२ मध्ये तिथेच देशातला पहिला जडपाणी प्रकल्प जोडला गेला. पुढे वीज महागली, नाफ्था आणि नैसर्गिक वायू परवडू लागले आणि पाण्यातून हायड्रोजन काढण्याचा उद्योग मागे पडला.

यवतमाळ जिल्ह्यात हा विषय खताच्या नव्हे, फ्लोराइडच्या वाटेने येतो.

जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बसाल्टवर वसलेला आहे. पूर्वेला आणि आग्नेयेला मात्र खडक बदलतो. ज्या वणीच्या नावाने १९०५ पर्यंत हा सगळा जिल्हा ओळखला जाई, त्या वणीच्या आणि केळापूर, झरी जामणीच्या बाजूला चुनखडक आहे, कोळसा धरणारे वालुकाश्म आहेत आणि काही ठिकाणी जुने ग्रॅनाइटी खडकही आहेत. अशा खडकांत पाणी दीर्घकाळ मुरून राहिले, त्यातला सोडा वाढला आणि कॅल्शियम घटले, की खडकातला फ्लोराइड पाण्यात उतरतो आणि तिथेच राहतो. पिण्याच्या पाण्यात तो लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावा, असे भारतीय मानक सांगते. त्यापुढे वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले तर मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात आणि पुढे सांधे, कणा आखडतो. देशात या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद १९३७ ची, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातली.

असे खोलवरचे पाणी गावाच्या वाट्याला आले ते १९७२ च्या दुष्काळानंतर. त्याआधी गावे उथळ विहिरींवर, नाल्यांवर आणि झिऱ्यांवर अवलंबून होती. त्या पाण्यात गढूळपणा असे, पटकीचे भय असे. पण पावसाचे नवे पाणी दरसाल मिसळत असल्याने खडकाचे क्षार कमी असत. दुष्काळात यंत्राने बोअर मारण्याचा सपाटा सुरू झाला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्याच काळातली. हापशी गावोगाव बसली. पटकी, हगवण यांना मोठा आळा बसला, हे त्या हापशीचे श्रेय निर्विवाद आहे. पण केळापूर, झरीकडच्या कित्येक कोलाम पोडांत आणि गावांत जंतूंपासून सुटका करणाऱ्या त्याच पाण्याबरोबर फ्लोराइड घरात आला. ते पाणी दिसायला नितळ आणि चवीला बरे होते, त्यामुळे त्यावर कोणाला संशय यायचे कारणच नव्हते.

या पाण्यावर शास्त्रीय काम झाले ते नागपुरात. १९५८ मध्ये तिथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था झाले. विदर्भ तिला ‘नीरी’ म्हणूनच ओळखतो. फ्लोराइड काढण्याची तिची सर्वांत प्रसिद्ध रीत म्हणजे ‘नलगोंडा तंत्र’. पाण्यात तुरटी, चुना आणि टीसीएल पावडर ठरावीक प्रमाणात टाकायची, ढवळायचे, गाळ बसू द्यायचा आणि वरचे पाणी वापरायचे. सामान बाजारात मिळणारे, वीज लागत नाही, बादलीतही जमते. अडचण रोजच्या हाताळणीची होती. तुरटी भरपूर लागे, गाळ टाकायला जागा लागे, आणि प्रमाण चुकले की पाणी तुरट लागे. घरच्या बाईवर आणखी एक काम पडले, की महिन्याभरात ती बादली कोपऱ्यात जाते. सरकारी अहवालांत ही गोष्ट फारशी येत नाही. तंत्र मागे पडण्याचे कारण मात्र पुष्कळदा एवढेच असते.

पुढची पायरी विजेची. विद्युत-विघटनाने फ्लोराइड काढण्याच्या रीतीत तुरटी टाकावी लागत नाही. पाण्यात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ठेवून एकदिश प्रवाह सोडला की धन पट्टी हळूहळू विरघळते, तिचे चिकट पुंजके तयार होतात आणि फ्लोराइड त्यांना धरून खाली बसतो. नीरीने ही रीत सौर पॅनेलवर चालवून शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव येथे प्रात्यक्षिक संयंत्र उभारले. भारनियमनाने पिचलेल्या विदर्भात उन्हावर चालणारे यंत्र ही साधी सोय नव्हती. या विषयावरच्या अभ्यासांचे प्रश्न कामाचे होते: पट्ट्यांमध्ये अंतर किती, प्रवाह किती, शुद्ध केलेल्या पाण्यात ॲल्युमिनियम किती उरते.

ऋण पट्टीवर याच वेळी हायड्रोजनचे बुडबुडे उठत असतात. ९ ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळले की १ ग्रॅम हायड्रोजन सुटतो; साधारण तापमानाला तो सुमारे १२ लिटर जागा व्यापतो. हजार लिटर पाण्यासाठी ४५ ग्रॅम ॲल्युमिनियम खर्च झाले असे धरले तर हायड्रोजन ५ ग्रॅम. तो साठवून जाळला तर घरच्या चार-पाच माणसांच्या चहाचे आधण येईल. म्हणजे संशोधकांनी हा वायू हवेत सोडून दिला यात त्यांचे काही चुकले नाही. गावाला पाणी हवे होते, आणि अभ्यासाचे लक्ष पाण्यावरच राहिले.

हे संशोधन कोणाच्या पैशावर झाले, हेही पाहायला हवे. १९८३ पर्यंत यवतमाळची महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. त्या वर्षी अमरावती विद्यापीठ निघाले आणि जिल्हा तिकडे गेला. त्याच साली पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. या विषयात पीएच.डी. करायची तर विद्यार्थ्याला बहुधा नागपूर गाठावे लागे. नीरीत प्रयोग करायचे आणि नाव नागपूर विद्यापीठात नोंदवायचे, अशी पद्धत होती. नीरी ज्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची प्रयोगशाळा आहे, तिची स्वतःची अकादमी २०१२ मध्ये कायद्याने उभी राहिली, तेव्हापासून परिषदेच्या प्रयोगशाळांतून थेट पदवी मिळू लागली. पोट भरण्याचा आधार म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती. १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनंतर ४२,०००. राज्याच्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांनी नंतर आपापल्या समाजघटकांसाठी अधिछात्रवृत्त्या सुरू केल्या. बंजारा, कुणबी आणि बौद्ध समाज मोठ्या संख्येने असलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात परीक्षेच्या पलीकडे संशोधनाचे दार उघडले ते यांनी. पैसे वेळेवर आणि पूर्ण मिळावेत म्हणून विद्यार्थ्यांना पुण्या-मुंबईत आंदोलनाला बसावे लागले, हाही याच इतिहासाचा भाग आहे.

हायड्रोजनकडे स्वतंत्र विषय म्हणून सरकारी पैसा वळला तो एकविसाव्या शतकात. २००३ मध्ये राष्ट्रीय हायड्रोजन ऊर्जा मंडळ नेमले गेले आणि २००६ मध्ये पहिला आराखडा आला. सांडपाण्यातल्या जिवाणूंकडून हायड्रोजन काढून घेण्याच्या कामात खरगपूरची आयआयटी आणि हैदराबादची रासायनिक तंत्रज्ञान संस्था आघाडीवर राहिल्या. ऑक्सिजनविरहित टाकीत सेंद्रिय द्रव्य आंबवले की काही जिवाणू आधी हायड्रोजन सोडतात आणि मग दुसरे सूक्ष्मजीव त्याचे मिथेन करतात. ही क्रिया पहिल्या टप्प्यावर थोपवून धरायची, हे या शास्त्राचे मर्म. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने शेतातल्या काडीकचऱ्यापासून हायड्रोजन काढण्याच्या तंत्रावर उद्योगाबरोबर काम केले. पऱ्हाटी बांधावर जाळून टाकणाऱ्या यवतमाळच्या कापूसपट्ट्याला ते संशोधन विजेच्या पाणी-विघटनापेक्षा जवळचे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात देशी बनावटीच्या हायड्रोजन इंधन-घटावर चालणारी बस दाखवली गेली. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्राने १९,७४४ कोटींचे हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले, त्यात संशोधनासाठी ४०० कोटी. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने ८,५६२ कोटींचे स्वतःचे धोरण जाहीर केले.

यवतमाळ शहराचा अनुभव या घोषणांना वेगळ्या कसोटीवर लावतो. शहराला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण थेट पाणी पुरवते. भिस्त बराच काळ निळोणा आणि चापडोह या दोन लहान धरणांवर होती. २०१७ च्या पावसाने दगा दिला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात शहराला नळासाठी दोन-दोन आठवडे वाट पाहावी लागली. टँकरभोवती रांगा लागल्या. बेंबळा धरणातून शहराला पाणी आणणाऱ्या, अमृत योजनेतल्या सुमारे ३०० कोटींच्या जलवाहिनीचे काम तेव्हा घाईला आले. त्या गावात धरणाचे पाणी फोडून इंधन करू असे कोणी म्हटले तर लोक काय म्हणतील, ते सांगायला नको.

आकडे मात्र लोकांच्या धास्तीपेक्षा निराळे आहेत. १ किलो हायड्रोजनला ९ लिटर पाणी लागते. शुद्धीकरणातली नासाडी आणि यंत्र थंड ठेवणे धरून वीस-तीस लिटर. दिवसाला १ टन हायड्रोजन करायचा तर ३०,००० लिटर, म्हणजे दरडोई १३५ लिटरच्या मापाने सव्वादोनशे माणसांचे पाणी. खरा खर्च विजेचा आहे: किलोमागे ५० ते ५५ युनिट, म्हणजे दिवसाला ५० ते ५५ हजार युनिट. ती उन्हातून मिळवायची तर अकरा-बारा मेगावॉटची पॅनेले लागतील. पाणी कमी लागते ही गोष्ट खरी असली तरी ते मे महिन्यातही लागते, आणि मे महिन्यात यवतमाळात थोडे पाणीसुद्धा थोडे नसते.

पाणीसंस्थेने या उद्योगात का पडावे याचे उत्तर हायड्रोजनमध्ये नसून त्याच्या जोडीने सुटणाऱ्या ऑक्सिजनमध्ये आहे. १ टन हायड्रोजनबरोबर ८ टन ऑक्सिजन निघतो. १९१४ मध्ये मँचेस्टरला सक्रिय गाळाची पद्धत सापडली, तेव्हापासून सांडपाणी शुद्ध करायचे म्हणजे त्यात हवा भरत राहायचे. शुद्धीकरण केंद्राच्या विजेच्या बिलाचा निम्म्याच्या आसपास वाटा या हवेवर जातो. माणशी रोजचा सेंद्रिय भार ४५ ते ५० ग्रॅम धरला तर ८ टन ऑक्सिजन साधारण दीड लाख माणसांच्या सांडपाण्याला पुरतो. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ नगरपालिका हद्दीची लोकसंख्या १ लाख १६ हजारांच्या आसपास होती. हद्द त्यानंतर वाढली. म्हणजे दिवसाला टनभर हायड्रोजन हे माप या शहराला जवळपास बेतून घेतल्यासारखे आहे.

कच्चा माल म्हणून धरणाचे पाणी घेण्याचीही गरज नाही. नागपूरच्या भांडेवाडी केंद्रातले शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते, आणि तेवढे गोडे पाणी शहरासाठी वाचते. विदर्भात सांडपाणी विकत घेणारा उद्योग नवा राहिलेला नाही. पाण्याचे विघटन करणाऱ्या इलेक्ट्रोलायझरला लागणाऱ्या शुद्धतेपर्यंत ते पाणी न्यायला बारीक पडद्यांची आणखी एक पायरी लागेल आणि त्या पायरीवरचे खारे सांडपाणी कुठे सोडायचे हा प्रश्न उरेल. अधिछात्रवृत्ती द्यायची तर ती या प्रश्नाला आणि ऑक्सिजनच्या वापराला द्यावी. निळोणा, चापडोह आणि बेंबळ्याचे पाणी या प्रयोगातून बाहेर ठेवावे.