एका पंक्तीचे वसतिगृह

वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला. येथील महाविद्यालयांचे नाते मात्र आजही अमरावती विद्यापीठाशीच आहे. अमरावती म्हटले की पंजाबराव देशमुखांचे श्रद्धानंद छात्रालय आठवते. डिसेंबर १९२६ मध्ये हत्या झालेल्या स्वामी श्रद्धानंदांचे नाव लाभलेल्या या छात्रालयाचे दार सर्व जातींच्या मुलांना खुले होते.

असे दार उघडणे त्या काळी सोपे नव्हते. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात जातवार वसतिगृहे उभारून बहुजनांच्या मुलांची शहरात राहण्याची सोय केली. ती काळाची गरज होती; पण चुली वेगळ्याच राहिल्या. तेथील जैन वसतिगृहात राहणाऱ्या भाऊराव पाटलांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाहून परतल्यावर शुद्धीचे स्नान नाकारले आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. त्याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. मुले कामे वाटून घेत, स्वतः रांधत आणि एका पंक्तीत जेवत. खर्च भागवताना लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, अखेर मंगळसूत्रही.

वसतिगृहाचा आराखडा मांडताना आपण खोल्या आणि खाटा मोजतो. या इतिहासाने मोजली ती पंगत. वर्गात समतेवरचा धडा शिकवणाऱ्या आपणा अध्यापकांनी म्हणूनच एवढे तरी विचारावे: आपले विद्यार्थी संध्याकाळी कोठे जेवतात आणि कोणाच्या शेजारी बसतात?