अंगणातला विलो आणि आपला वाळुंज



तळ्याकाठी फांद्या लोंबलेले एक झाड कॅलेंडरच्या चित्रात तुम्ही पाहिले असेल. ते विलो. उत्तरेकडे त्याला मजनू म्हणतात. त्याचे झुडूप दारात लावावे का, असे पुष्कळजण विचारतात. आधी त्याची हकिकत ऐका.

हे झाड मूळचे चीनचे. पण १७५३ साली स्वीडनच्या लिनियसने त्याला नाव दिले बाबिलोनचे! बाबिलोनच्या नदीकाठी असलेल्या ज्या झाडांचा बायबलात उल्लेख आहे, ती हीच, असा तेव्हा समज होता. ती बहुधा पॉपलरच्या जातीची असावीत. चूक कळली, नाव मात्र तसेच राहिले.

या कुळाला गारवा नि ओल लागते. काश्मीरात याच कुळातल्या लाकडाच्या क्रिकेटच्या बॅटी होतात. याच्या सालीतून १८२८ मध्ये जर्मनीत सॅलिसिन वेगळे काढले गेले, आणि त्याच वाटेने पुढे १८९७ साली ॲस्पिरिन तयार झाले. पण आपल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तिथे हा पाहुणा कसा तगायचा? बायामाणसांनी डोक्यावरून आणलेले पाणी त्याला घालावे, हे मला तरी पटत नाही.

विलोचा भाऊ आपल्याकडे आहेच, वाळुंज. अठराव्या शतकाच्या अखेरीस रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. शास्त्रीय नावाचा अर्थ ‘चार बियांचा’. बारमाही ओढ्याच्या काठी हा पाण्यात पाय सोडून उभा असतो. मुळ्या काठ धरून ठेवतात, फोकांच्या टोपल्या होतात, पाला गुरे खातात.

वाढू दिला तर याचे झाड होते. दरवर्षी गुडघ्याएवढा छाटला की झुडूप राहते. पावसाळा लागताच अंगठ्याएवढ्या जाडीची, हातभर लांब फांदी निम्मी मातीत रोवा. जागा मात्र ओलीची हवी, म्हणजे न्हाणीच्या सांडपाण्याची किंवा हापशाखालची. पांझरेकाठी फड बागायतीचे जुने बंधारे नि पाट आहेत, तिथेही हा शोभेल. पण पाटाच्या बांधकामाला किंवा विहिरीला खेटून लावू नका, मुळ्या भेगा शोधत जातात.

आणि अंगण कोरडेच असेल तर? वाळुंजाचा नाद सोडा, निरगुडी लावा. ती विलोच्या कुळातली नाही, पण पाने तशीच निमुळती, फुले निळसर जांभळी. गुरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणालाही चालते. पहिला उन्हाळा तेवढे पाणी द्या.