भास्कराचार्यांचे अश्वमूल्याचे उदाहरण : मांडणी आणि उकल

व्यवहारातील प्रश्न समीकरणात मांडण्याची परंपरा भारतात जुनी आहे. एकघाती समीकरणाच्या उकलीचा नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त दिला. या संदर्भात भास्कराचार्यांच्या (जन्म इ. स. १११४) ‘बीजगणिता’तील एक उदाहरण अभ्यसनीय आहे.

एकाजवळ ६ घोडे व रोख ३०० रूपे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे असून त्याला १०० रूपांचे कर्ज आहे. घोडे समान किमतीचे व दोघांची संपत्ती सारखी असल्यास एका घोड्याचे मूल्य किती? अज्ञात राशीस ‘यावत्तावत्’ म्हणून दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडले जातात; ऋणसंख्येवर बिंदू दिला जातो. समशोधनाने ४ घोड्यांचे मूल्य ४००, म्हणजेच एकाचे १०० येते.

येथे उकल सोपी आहे. कसोटी मांडणीची आहे. घोडे, रोकड व कर्ज या भिन्न गोष्टी एकाच मापात आणणे आणि कर्जास ऋणसंख्येचे रूप देणे, हे खरे बौद्धिक कार्य होय. अक्षरे म्हणजे बीज नव्हे, बुद्धी हेच बीज, असे स्वतः भास्कराचार्यांचेच प्रतिपादन आहे. अध्यापनात तयार समीकरणे सोडवून घेण्यावरच भर राहिल्यास या परंपरेचा गाभा निसटतो.